चरकाचा बिडाचा सांगाडा: टाक्याशेजारीच पुन्हा तडा का गेला?

कोल्हापूर भागातलं एक गुऱ्हाळ, ऊस गाळणारा, मोटरीवर चालणारा तीन लाटांचा (रुळांचा) चरक. ऐन हंगामात त्याच्या एका बाजूच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, सांगाड्याला तडा गेला. बेअरिंग बसतं त्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तो निघाला आणि तिरका सांगाड्याच्या अंगात शिरला. सुरुवातीला लांबी साधारण १२० मि.मी. होती; त्या जागी सांगाड्याची जाडी ३२ मि.मी. तोडलेला ऊस आवारात येऊन पडलेला आणि चुलवाण पेटलेलं, त्यामुळे थांबायला कुणाला सवड नव्हती. जवळच्या वर्कशॉपमध्ये तड्यावर ग्राइंडरने वरवर खाच पाडली गेली आणि नेहमीच्या ६०१३ रॉडने (साध्या पोलादाच्या वेल्डिंगचा रॉड) दोन्ही अंगांनी सलग वेल्डिंग झालं. दिसायला ते उत्तम होतं. थंड होताना मात्र दोन-तीनदा ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी निम्मा ऊस गाळून होतो न होतो तोच तडा परत उघडला. तोही जुन्या रेषेवर नव्हे, वेल्डिंगच्या कडेला लागून, दोन-तीन मिलिमीटर अंतर राखून समांतर. आतलं टोक आणखी २० मि.मी. पुढे सरकलेलं. ‘रॉड चांगल्या प्रतीचा नव्हता’, ‘करंट कमी पडला’, ‘आणखी दोन थर चढवायला हवे होते’ असे तीन निष्कर्ष अशा वेळी हमखास निघतात. तिन्ही चुकीचे आहेत. जास्त करंट आणि जास्त थर यांनी इथे नुकसान वाढलंच असतं.

एक शब्द आधी स्पष्ट करून घेऊ. रॉडने ओढलेल्या रेषेलाही काही जण इंग्रजीतून आलेला ‘बीड’ शब्द वापरतात. इथे बीड म्हणजे ओतीव लोखंडच. रॉडच्या रेषेला टाका म्हटलं आहे.

आधी धातू ओळखा

सांगाडा बिडाचाच आहे की पोलादी ओतकामाचा, हे रंगावरून ठरवू नये. धारदार छिन्नीने कडेचा छोटा कपचा काढून पाहावा. पोलादाचा कपचा वळत, सलग निघतो. बिडाचा तुकडे तुकडे होऊन उडतो. ड्रिल मारलं तर बिडाचा कीस काळसर भुकटीसारखा पडतो आणि बोटाला पेन्सिलीच्या शिशासारखा काळा डाग लागतो. तो डाग ग्रॅफाइटचा, म्हणजे बिडातल्या सुट्या कार्बनचा. ग्राइंडरच्या ठिणग्याही बोलतात: बिडाच्या ठिणग्या आखूड, मंद आणि लालसर, साध्या पोलादाच्या लांब आणि पिवळसर. तुटलेला भाग राखाडी दिसला तर ते करडं बीड, ज्यावर पुढची पद्धत चालते. तो चांदीसारखा पांढरा चमकला तर पांढरं बीड. त्याच्या वेल्डिंगच्या नादी न लागलेलं बरं. वर्षानुवर्षं आगीत तापून जळालेलं बीडही असंच. चुलवाणाच्या जाळीच्या पट्ट्या हे त्याचं उदाहरण. त्यात आतपर्यंत गंज शिरलेला असतो आणि कोणताही रॉड धरत नाही.

या प्रकरणात कीस काळा, तुटलेली बाजू राखाडी. म्हणजे करडं बीड.

पहिला टाका का फसला

कारणं दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी काम करतात.

पहिलं कारण कार्बन. ६०१३ रॉडच्या तारेत कार्बन जेमतेम ०.१ टक्का असतो. करड्या बिडात तो ३ टक्क्यांच्या पुढे, साधारण ३.३ धरा. वेल्डिंग करताना रॉडच्या धातूत मूळ धातू वितळून मिसळतो. पहिल्या थरात हे मिश्रण सहज ३० टक्के होतं. म्हणजे पहिल्या थरातला कार्बन जवळपास १ टक्क्यावर जातो. कानस ज्या पोलादाची करतात त्यात कार्बन १ ते १.२ टक्क्यांच्या आसपास असतो. थोडक्यात, तड्याच्या आत नकळत कानशीचं पोलाद ओतलं गेलं, आणि भोवतालच्या थंडगार जाड बिडाने ते झपाट्याने थंड केलं. ते काचेसारखं कडक झालं. त्याला लागून वितळलेली बिडाची पातळ रेघही एवढ्या वेगाने गोठली की तिच्यातल्या कार्बनला ग्रॅफाइट होऊन बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. तिथे पांढऱ्या बिडाची ठिसूळ पट्टी तयार झाली. तडा परत जातो तो याच पट्टीतून, म्हणून वेल्डिंगच्या शेजारून, समांतर. खात्री करायची तर त्या रेषेवर कानस चालवून पाहा. नुसती घसरते, चावत नाही.

दुसरं कारण आकसणं. पोलाद एका अंशाला लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश आकसतं. टाका ६०० अंशांवरून घरच्या तापमानावर येताना ५७० अंशांचा फरक पडतो, म्हणजे आकसणं जवळपास ०.७ टक्के. करडं बीड ताणलं तर साधारण अर्धा टक्का लांबतं न लांबतं तोच तुटतं. १२० मि.मी. लांबीच्या सलग टाक्याला पाऊण मिलिमीटरहून जास्त आकसायचं असतं आणि चहूबाजूंनी घट्ट धरलेल्या सांगाड्यात तेवढी लांबी देणारं कुणी नसतं. साधं पोलाद अशा वेळी थोडं ताणून निभावून नेतं. बिडाला ते जमत नाही. ऐकू आलेला ‘टिक्’ हा त्याचाच आवाज. बिडाचं काम थंड होताना तो आला की समजावं, तडा गेला. वर रंग लावून उपयोग नाही.

इथे ६०१३ ऐवजी ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड वापरला असता तर? हा प्रश्न फार वेळा येतो. ७०१८ हायड्रोजनचा त्रास टाळतो आणि मध्यम कार्बनच्या शाफ्टसाठी तो योग्यच. पण त्याची तारही पोलादाचीच. कार्बनचं वरचं गणित जसंच्या तसं राहतं. बाजारात ‘बिडाचा रॉड’ म्हणून मिळणारे स्वस्त रॉडसुद्धा पुष्कळदा पोलादी तारेचेच असतात. त्यांचा टाका धरतो, पण इतका कडक होतो की त्यावर ड्रिल चालत नाही. पाकिटावर निकेलचं प्रमाण पाहूनच रॉड घ्यावा.

चार वाटा, आणि एकीची निवड

संपूर्ण तुकडा ५०० ते ६५० अंशांपर्यंत सावकाश तापवून, त्याच तापमानावर बिडाच्याच कांडीने वेल्डिंग करून, मग राखेत किंवा कोरड्या वाळूत एक-दोन दिवस थंड होऊ देणं ही सर्वांत चांगली पद्धत. टाका मूळ बिडासारखाच होतो. पण त्यासाठी सांगाडा पूर्ण उतरवून भट्टीत घालावा लागतो, आणि मशीन केलेल्या बेअरिंगच्या खाचा वाकण्याचा धोका राहतो. पितळी कांडी आणि टाकणखाराने झाळणं पातळ भिंतीला छान. मूळ धातू वितळतच नाही, त्यामुळे पांढरी पट्टी होत नाही. पण ३२ मि.मी. जाडीला गॅसने तेवढी उष्णता देणं जिकिरीचं, आणि जुन्या वेल्डिंगच्या अवशेषांवर पितळ नीट पसरत नाही. तिसरी वाट धातू शिवण्याची: तड्यावर एकात एक अडकणारे स्क्रू आणि आडव्या पट्ट्या बसवणं. काम देखणं आणि उष्णतेविना होतं, पण तो कारागीर हाताशी हवा.

निवडली ती चौथी, निकेल-आयर्न रॉडची थंड पद्धत. निकेल कार्बनशी कठीण संयुग करत नाही. थंड होताना जास्तीचा कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, त्यामुळे टाका मऊ राहतो आणि आकसणंही थोडं भरून निघतं. शुद्ध निकेलचा रॉड आणखी मऊ, पातळ आणि मशीन करायच्या जागेसाठी चांगला; जाड, भार सोसणाऱ्या आणि जुन्या, फॉस्फरस जास्त असलेल्या बिडाला साधारण ५५ टक्के निकेलचा, म्हणजे ई-एनआय-एफई-सीआय वर्गाचा रॉड जास्त भरवशाचा. तो महाग असतो, म्हणून काटकसर करायचा मोह होतो. तयारीत कसूर केली तर मात्र तो पैसा वायाच जातो.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. थंड पद्धत तरी पूर्ण पाळा, नाहीतर गरम तरी पूर्ण. गॅसच्या ज्योतीने फक्त तड्याभोवतीचा हातभर भाग लालबुंद करायचा आणि मग वेल्डिंग करायचं, हा मधला मार्ग सर्वांत घातक आहे. तापलेला भाग फुगतो, थंड भाग त्याला अडवतो, आणि थंड होताना नवीन जागी तडा जातो.

तयारी: निम्म्याहून अधिक काम इथेच

लाटा, बेअरिंग आणि बुश काढून घेतले. अर्थिंगचा चिमटा तड्याजवळ, त्याच सांगाड्यावर, घासून स्वच्छ केलेल्या जागी लावला. बेअरिंग जागेवर असताना चिमटा दुसऱ्या बाजूला लावला तर करंट त्यातून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. महिनाभराने बेअरिंग गेलं की दोष भलत्यालाच दिला जातो.

जुनं वेल्डिंग पूर्ण काढलं. नुसता उंचवटा घासून भागत नाही. दोन्ही बाजूंची दोन-तीन मि.मी. कडक पट्टीही जायला हवी, कारण निकेल तिच्यावर बसलं तर तडा तिथूनच पुन्हा निघणार. कानस चावू लागेपर्यंत ग्राइंडर चालवला. त्यानंतर डाय टेस्ट, म्हणजे न दिसणारा तडा रंगाने उघड करणारी चाचणी. जागा क्लीनरने स्वच्छ करून लाल द्रव फवारला, १५ मिनिटं थांबून कोरड्या कापडाने आणि मग क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने पुसून घेतला. क्लीनर थेट फवारू नये, तड्यातला रंगही धुऊन जातो. वर पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. दहा मिनिटांत लाल रेघ उमटली, आणि डोळ्यांना दिसत होतं त्याहून टोक १२ मि.मी. पुढे निघालं. बिडात सुटे लाल ठिपके दिसतात ते बहुधा ओतकामातल्या बारीक छिद्रांचे. रेघ दिसली तर तडा. टोकाच्या पुढे ८ मि.मी. अंतरावर ६ मि.मी.चं आरपार भोक पाडलं. तड्याचं टोक सुईसारखं असतं आणि सगळा ताण तिथे एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो.

आता खाच. दोन्ही बाजूंनी व्ही आकार, कोन सुमारे ७० अंश, तळ टोकदार न ठेवता गोलसर. मधे २ मि.मी. बीड शिल्लक ठेवलं, म्हणजे दोन्ही भाग एका रेषेत राहतात. दुसऱ्या बाजूने काम सुरू करताना ते घासून पहिल्या बाजूचा निकेल दिसेपर्यंत आत जायचं. शेवटचा हात ग्राइंडरच्या चकतीने नव्हे, कार्बाइडच्या बरने (फिरत्या दातेरी टोकाने) किंवा कानशीने फिरवावा. चकती ग्रॅफाइट पृष्ठभागावर सारवते आणि त्यावर टाका नीट धरत नाही.

चरकाच्या बाबतीत तेल-ग्रीसखेरीज आणखी एक शत्रू असतो: उसाचा रस. तो तड्यात आणि बिडाच्या छिद्रांत मुरलेला असतो. वेल्डिंगच्या झळीने त्याची साखर जळते, वाफ आणि धूर टाक्यातून फुटतो आणि टाका जाळीदार होतो. म्हणून आधी गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन, मग मऊ ज्योतीने फूटभर परिसर सावकाश २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवला. ज्योत एका जागी न ठेवता फिरवत राहायचं. धूर येणं पूर्ण थांबलं की बंद. हे तापवणं फक्त सुकवण्यासाठी. त्यानंतर सांगाडा हात ठेवता येईल इतका थंड होऊ दिला.

टाके

रॉड पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वाळवून घेतले. पहिलं काम लिंपणाचं: खाचेच्या चारही उतारांवर २.५ मि.मी. रॉडने, ६० ते ७५ अँपिअरवर निकेलचा एकेक थर. करंट धरेल इतकाच. जेवढं बीड कमी वितळेल तेवढी पांढरी पट्टी पातळ. दोन उतार या टप्प्यात जोडायचे नाहीत. त्यामुळे हा थर मोकळेपणाने आकसतो आणि पुढचे टाके बिडाला न शिवता निकेलवरच पडतात. मग ३.१५ मि.मी. रॉडने, ८५ ते १०० अँपिअरवर भरणी.

टाक्याची लांबी २५ मि.मी., फार तर ३०. का, ते वरच्या गणितातून कळतं: १४० मि.मी. सलग टाक्याला एक मिलिमीटरभर आकसायचं असतं, २५ मि.मी.च्या टाक्याला ०.१७. तेवढं हातोडीने भरून काढता येतं. रॉड उचलताना खड्डा भरून मगच उचलायचा, आणि लगेच, टाका लाल असतानाच, गोल तोंडाच्या हातोडीने हलके, भरभर ठोके. ठोके टाक्याला पसरवण्यासाठी असतात, स्लॅग (टाक्यावरचं कवच) काढण्यासाठी नव्हे. अणकुचीदार हातोडी इथे चालत नाही. टाका काळा पडल्यावर ठोकत बसू नये, फायदा नाही आणि शेजारच्या बिडाला धक्का बसतो. मग स्लॅग काढून थांबायचं. टाक्याशेजारी उघडा तळहात ठेवता आला, म्हणजे साधारण ५०-६० अंश, की पुढचा टाका. तोही लगेच शेजारी नाही. एक इथे, दुसरा तिकडच्या टोकाला, तिसरा सांगाड्याच्या मागच्या बाजूला. एकंदर क्रम मात्र भोकाकडून, म्हणजे बंद टोकाकडून, कोपऱ्याच्या मोकळ्या कडेकडे. उलट केलं तर सगळा ताण आत कोंडतो.

किती रॉड लागले? २.५ मि.मी.चे १५ आणि ३.१५ चे २२. एका ३.१५ च्या रॉडमध्ये असे चारेक टाके होतात. प्रत्येकामागे ठोकणं, साफ करणं, थांबणं धरलं तर तीन-चार मिनिटं. म्हणजे पूर्ण एक दिवस. या कामात वेल्डरचा बहुतेक वेळ थांबण्यात जातो, आणि पैसे देणाऱ्याला तो वेळ पाहवत नाही. ‘पाणी मारा, लवकर थंड होईल’ ही सूचना येतेच. पाणी मारलं तर पहाटेपासूनची मेहनत पाच सेकंदांत फुकट.

राखेत पुरावं का? गुऱ्हाळावर चुलवाणाची राख हवी तेवढी असते आणि ती या कामाला चांगली, पण गरम पद्धतीत. थंड पद्धतीत सांगाडा कधी फार तापलेलाच नसतो. राखेचं काम एवढंच की वारा लागू नये. रात्री वर कोरडी राख आणि पोतं टाकलं. राख ओलसर असेल तर ते मुळीच करू नये.

निकेलचा धूर आरोग्याला वाईट. काम उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, मास्क लावून करावं. ठोकताना स्लॅगचे कण उडतात, त्यामुळे वेल्डिंगचा मुखवटा बाजूला केला तरी साधा चष्मा डोळ्यांवर राहू द्यावा.

नुसत्या टाक्यावर विसंबायचं नाही

निकेलचा टाका कितीही चांगला झाला तरी त्याच्या कडेची पट्टी मूळ बिडापेक्षा दुबळी राहते, हे मान्य करूनच पुढची रचना केली. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना तड्याच्या आडवी १२ मि.मी. जाडीची पोलादी पट्टी, आरपार एम-१६ (१६ मि.मी. जाडीच्या) बोल्टने कसून बसवली. तड्याच्या प्रत्येक बाजूला दोन बोल्ट. पट्टी वेल्डिंगने लावली नाही, कारण मग तोच सगळा खेळ पुन्हा सुरू होतो. जिथे पट्टीला जागाच नसते तिथे खाचेच्या उतारावर आटे पाडून पोलादी स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) बसवतात, एक खाली एक वर असे, ५-६ मि.मी. बाहेर ठेवून. त्यांच्या छेदांचं एकूण क्षेत्र जोडाच्या क्षेत्राच्या २५ ते ३५ टक्के धरायचं. आधी प्रत्येक स्टडभोवती टाका, मग भरणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डाय टेस्ट केली. कडेला रेघ नाही, दोन सुटे ठिपके. बेअरिंगची खाच सरळ मोजपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासली, ०.१ मि.मी.चा फरक कानशीने काढला. खाचेचा कोपरा पूर्वी जवळजवळ काटकोनी होता. तिथे घासून १० मि.मी. त्रिज्येची गोलाई दिली. तडा मुळात त्या कोपऱ्यातूनच निघाला होता.

पण कोपरा तर पहिल्यापासूनच तसा होता, मग तडा याच हंगामात का? पाहणीत दोन गोष्टी सापडल्या. पायाच्या चारपैकी दोन नट ढिले होते, त्यामुळे भार येताच सांगाडा एका बाजूला ओढला जात होता. आणि लाटा दाबणारे दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे आवळलेले नव्हते: एका बाजूला लाटांमधली फट दुसरीपेक्षा जवळपास दीड मि.मी. कमी. रस जास्त निघावा म्हणून बोल्ट आवळत जाण्याची सवय असते आणि हात जवळच्या बाजूलाच जातो. फट दोन्ही टोकांना फीलर गेजने सारखी करून, पाया पुन्हा पातळीत घेऊन नट आवळले. मग अर्धा तास रिकामा चरक, नंतर निम्मी मोळी, आणि आठ तास चालल्यावर पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा कसले.

हंगाम संपवण्यापुरती ही दुरुस्ती पुरेशी. तरी नव्या ओतकामाची मागणी लगेच नोंदवावी हेच योग्य, आणि तिथे एक हमखास होणारी चूक आहे. फाउंड्रीत जुना सांगाडाच नमुना म्हणून वाळूत दाबला तर नवा तुकडा लहान निघतो, कारण करडं बीड गोठून थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं: मीटरला १० मि.मी. बेअरिंगच्या दोन खाचांमधलं अंतर ४०० मि.मी. असेल तर ते ४ मि.मी. कमी भरतं, आणि लाटांचे दाते एकमेकांत अडकतात. शिवाय मशीन करायच्या पृष्ठभागांवर तीनेक मि.मी. जास्तीचा धातू हवा, तो जुन्या तुकड्यावर नसतोच. म्हणून जुन्या सांगाड्याची मापं कागदावर उतरवून घ्यावी, लाकडी नमुना आकसण्याच्या मापपट्टीने (आकसण्याइतकी मोठी आखलेली पट्टी) करून घ्यावा, आणि खाचेच्या कोपऱ्याची १० मि.मी. गोलाई त्या नमुन्यातच द्यायला सांगावी.